सर्व्हरचा मेगाब्लॉक

भोपाळच्या हिंदी वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक लहानशी चौकट येते. दुरुस्तीच्या कामासाठी आज कोणत्या वस्त्यांत किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत वीज बंद राहील, याची ती यादी. कोलार रोड, अरेरा कॉलनी, बैरसिया रोड अशी नावं आळीपाळीनं येतात आणि इथली मराठी घरंही ती वाचून पाण्याची मोटर कधी लावायची, दळण कधी न्यायचं ते ठरवतात. मुंबईच्या नातेवाइकांचा रविवारचा मेगाब्लॉक, तशी आमची ही चौकट. कुरकुर सगळेच करतात. पण तारा तपासायच्या किंवा रूळ बदलायचे तर काही तास सगळं थांबवावं लागतं, हे दोन्हीकडच्या माणसांनी मनोमन मान्य केलेलं आहे.

संगणकांच्या बाबतीत ते आपण अजून मान्य केलेलं नाही. शहरातल्या एका ओळखीच्या कार्यालयात गेलो होतो. जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर, त्यावर धूळ, शेजारी घरघरणारा इन्व्हर्टर. तिथला तरुण तंत्रज्ञ अभिमानानं म्हणाला, "सर, तीन साल से एक बार भी बंद नहीं हुआ." वीज जाते-येते अशा ठिकाणी यंत्र तीन वर्षं अखंड चालू ठेवणं ही मेहनतीचीच गोष्ट आहे. तरी ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्या यंत्रावर लिनक्स होतं, आणि लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली दुरुस्ती एरवी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. मधल्या काळात नव्या फाइली डिस्कवर उतरल्या असतीलही. चालू होता तो मात्र तीन वर्षांपूर्वीचाच कर्नल, तेव्हाच्या सगळ्या चुकांसकट.

कर्नलच्या नेटवर्क कोडमधल्या त्रुटींचा विषय निघाला की बोलणं हल्लेखोरांच्या हुशारीवर जातं. गेल्या तीसेक वर्षांतली मोठी प्रकरणं शेजारी शेजारी मांडून पाहिली, तर मला हुशारीपेक्षा एक साधी गोष्ट जास्त ठळक दिसते: दुरुस्ती तयार झाल्यापासून ती यंत्रात खरोखर लागू होईपर्यंत गेलेले दिवस. मोठं नुकसान त्या दिवसांत झालेलं आहे.

कर्नल म्हणजे यंत्रातला सर्वाधिकारी. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर कुणी लिहायचं, कोणता प्रोग्रॅम कधी चालवायचा, हे सगळं तो ठरवतो. ब्राउझरमध्ये चूक निघाली तर ब्राउझर बंद पडतो. कर्नलमध्ये चूक निघाली तर यंत्रच कोसळतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळे अधिकार परक्याच्या हाती जातात. या कर्नलमधला नेटवर्कचा भाग आणखी वेगळ्या अडचणीत असतो. बाहेरून येणारं प्रत्येक पॅकेट आधी त्यालाच उघडावं लागतं. पाठवणारा कोण, पासवर्ड बरोबर आहे का, या तपासण्या नंतरच्या. त्याआधी पॅकेटवर लिहिलेली लांबी, तुकड्यांचा क्रम, एकूण संख्या वाचून कर्नलला हिशेब करावा लागतो, आणि हे आकडे एका अनोळखी माणसानं लिहिलेले असतात. त्या हिशेबात कुठे चूक झाली तर अनोळखी माणूस उंबरठ्यावरूनच थेट तिजोरीपर्यंत पोहोचतो.

हिशेब कसा चुकतो, हे पाहण्यासाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ६५,५३५. संगणकात १६ बिटांच्या खणात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. तिच्यात एक मिळवला की गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या जुन्या चकत्या फिरून शून्यावर याव्यात तसं होतं. १९९६ च्या अखेरीस गाजलेला 'पिंग ऑफ डेथ' याच आकड्यावर उभा होता. इंटरनेटच्या नियमानुसार एक पॅकेट ६५,५३५ बाइटांपेक्षा मोठं असू शकत नाही. पण ते तुकड्यांनी पाठवता येतं, आणि शेवटच्या तुकड्याची जागा व लांबी अशी निवडता येते की सगळे जोडल्यावर बेरीज मर्यादेपलीकडे जाते. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी नियमात बसणारा, बेरीज मात्र नियमाबाहेरची. ती बेरीज तपासायची राहून गेली होती. विंडोज, युनिक्स, लिनक्स, मॅकिंटॉश अशी नाना घराण्यांची यंत्रं समोरून आलेल्या एका 'पिंग'नं आडवी होत होती. भारतात विदेश संचार निगमनं सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यामुळे त्या वेळी आपल्याकडे या प्रकाराची झळ लागण्याइतकी यंत्रंच जोडलेली नव्हती.

वीस वर्षांनी परिस्थिती पूर्ण बदललेली होती. तेव्हाची घटना मराठी मुलुखात घडली आणि तिच्याविषयी मराठीत फार कमी लिहिलं गेलं, म्हणून तिथे थोडं थांबतो.

विंडोजमध्ये एकमेकांच्या फाइली आणि प्रिंटर वापरण्यासाठी एसएमबी नावाची पद्धत आहे. तिचं सर्व्हरचं काम करणारा भाग वेगासाठी कर्नलमध्येच बसवलेला होता. त्यात ओएस/२ या १९८७ पासूनच्या जुन्या प्रणालीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेला एक कोपरा होता. त्या जुन्या पद्धतीची यादी आली की ती नव्या पद्धतीत उतरवायची, एवढंच त्याचं काम. यादीची लांबी ३२ बिटांच्या खणात होती. ती कमी करून परत लिहिताना कोड फक्त खालचे १६ बिट बदलत असे, वरचे जसेच्या तसे राहत. त्यामुळे कमी व्हायला हवी ती लांबी काही वेळा उलट वाढत असे आणि कर्नल आखून दिलेल्या जागेबाहेर लिहीत सुटे. पुन्हा तेच १६ बिट. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं ही चूक हेरून तिच्यावर एक हत्यार बनवलं होतं, 'इटर्नलब्लू'. ते तिथून चोरीला गेलं.

पुढच्या तारखा नीट पाहाव्यात. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती दिली १४ मार्च २०१७ ला. 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीनं हत्यार उघड्यावर टाकलं १४ एप्रिलला. यंत्रं कुलूपबंद करणारा 'वॉनाक्राय' सुटला १२ मे रोजी. दुरुस्ती आणि हल्ला यांत जवळजवळ दोन महिन्यांचं अंतर. तरीही दीडशे देशांतली दोन लाखांहून जास्त यंत्रं कुलूपबंद झाली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या एकोणीस हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयानं दिला. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक आणि पश्चिम बंगालच्या वीज वितरण कंपनीची काही कार्यालयं अडकली.

त्या दिवसांत सगळीकडे एकच वाक्य ऐकू येत होतं: जुनं विंडोज एक्सपी वापरलं म्हणून असं झालं. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. पण कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं नंतर मोजलं तेव्हा बाधित यंत्रांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ ची निघाली. विंडोज ७ ला तेव्हा आधार होता आणि दुरुस्ती दोन महिन्यांपासून उपलब्ध होती. ती लावली नव्हती, इतकंच. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. यंत्र जुनं असणं आणि यंत्राकडे कुणी न पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घात दुसरीनं केला.

यानंतर दीड महिन्यानं, २७ जून २०१७ रोजी, इटर्नलब्लू वापरणारा दुसरा हल्ला, 'नॉटपेट्या', आला. तो युक्रेनमधून निघाला आणि डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जाळ्यातून रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरावर पोहोचला. जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्कच्या एपीएम टर्मिनल्सचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल आहे. तिथली संगणक यंत्रणा बंद पडली. कंटेनर टर्मिनल म्हणजे काय, हे पाहिलं नसेल तर या बंद पडण्याचा अर्थ कळणार नाही. एकावर एक रचलेल्या हजारो पेट्यांपैकी कोणती पेटी कुठल्या रांगेत कितव्या थरावर आहे, ती कोणत्या जहाजाची, कोणत्या ट्रकची, हे फक्त संगणकाला माहीत असतं. क्रेन शाबूत, पेट्या शाबूत, चालक हजर, आणि तरीही कुणालाच काही उचलता येत नाही. काम हातानं करण्याचा प्रयत्न झाला, जहाजं बंदरातल्या दुसऱ्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. मर्स्कनं पुढे सांगितलं की ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी, कारण ती माझ्या म्हणण्याला सरळ साथ देत नाही. नॉटपेट्या फक्त इटर्नलब्लूवर विसंबून नव्हता. एका यंत्रात शिरला की तो मेमरीतून प्रशासकाचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच्या जोरावर दुरुस्ती झालेल्या यंत्रांतही घुसायचा. आणि मुळात तो पसरला कसा? युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. अपडेट हाच विषाचा मार्ग झाला होता. १९ जुलै २०२४ चा दिवस तर अजून ताजा आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरसाठी पाठवलेली एक सदोष फाइल कर्नलमध्ये चालणाऱ्या भागानं वाचली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांच्या हाती आले. तेव्हा "अपडेट टाकला आणि बंद पडलं तर?" ही कार्यालयातल्या माणसाची भीती खुळी नाही. तिला उत्तर द्यावं लागतं. आधी एका यंत्रावर लावून पाहायचं, मग दहांवर, मग सगळ्यांवर, आणि मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवायची, हे ते उत्तर. कधीच लावायचं नाही, हे उत्तर नव्हे.

आता लिनक्सकडे येऊ, कारण सरकारी संकेतस्थळांपासून खिशातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत बहुतेक ठिकाणी कर्नल त्याचाच आहे. १७ जून २०१९ रोजी नेटफ्लिक्समधल्या जोनाथन लूनी यांनी शोधलेली 'सॅक पॅनिक' ही त्रुटी जाहीर झाली. ती मला या विषयातली सर्वांत बोधक वाटते, कारण तिचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येतो.

टीसीपी या पद्धतीत माहिती तुकड्यांनी जाते आणि घेणारा पोचपावती देतो. समजा सहा तुकडे पाठवले आणि चौथा हरवला. साध्या पावतीत घेणारा फक्त "तिसऱ्यापर्यंत मिळालं" असं म्हणू शकतो, मग पाठवणारा पाचवा-सहावाही पुन्हा पाठवत बसतो. 'सॅक' म्हणजे निवडक पोचपावती: तिसऱ्यापर्यंत मिळालं, पाचवा-सहावाही मिळाला, फक्त चौथा द्या. हरवाहरवीच्या मोबाइल जाळ्यावर ही सोय फार मोलाची आहे. आता, तुकडा किती मोठा चालेल हे घेणारा संभाषणाच्या सुरुवातीलाच सांगतो. हल्लेखोर घेणारा बनून येतो आणि म्हणतो, "४८ बाइटांहून मोठा तुकडा मला झेपत नाही." त्यातले ४० बाइट पुढच्या नोंदींतच जाऊ शकतात. खऱ्या मजकुराला उरतात ८.

इकडे लिनक्स पाठवायचा मजकूर एका गाठोड्यात ठेवतो. अशा गाठोड्यात जास्तीत जास्त १७ खण, नेहमीच्या इंटेल धाटणीच्या यंत्रावर प्रत्येकी ३२ किलोबाइटांचे. १७ गुणिले ३२,७६८ म्हणजे ५,५७,०५६ बाइट. आठ-आठ बाइटांचे तुकडे केले तर ते होतात ६९,६३२. आणि तुकडे मोजायचा खण होता १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंतचा. निवडक पावत्यांची क्रमवारी नीट आखली की कर्नल छोटी गाठोडी एकत्र बांधत जातो, मोजणी ओलांडली जाते, आणि हिशेब जुळत नाही हे लक्षात येताच कर्नल स्वतःहून थांबतो. यंत्र ठप्प. पासवर्ड नको, खातं नको. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून ही चूक तिथेच होती. दहा वर्षं जगातल्या उत्तमोत्तम डोळ्यांखालून तो कोड गेला. कुणी मूर्ख नव्हतं. ४८ चा तुकडा कुणी खरंच मागेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध होती. ज्यांना यंत्र बंद करणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी तात्पुरता उपायही होता: सॅकच बंद करून टाका, किंवा फार लहान तुकडे मागणाऱ्या जोडण्या फायरवॉलवरच अडवा. पहिल्या उपायानं यंत्र वाचतं, पण खराब जाळ्यावरच्या ग्राहकाला सगळं हळू मिळतं. असे तात्पुरते उपाय आपल्याकडे कायमचे होऊन बसतात, हा माझा अनुभव आहे. वायरिंगला चिकटपट्टी लावून दहा वर्षं काढणाऱ्या घरांना हे सांगायला नको.

बाहेरून पाडणाऱ्या किंवा फोडणाऱ्या त्रुटी त्या मानानं कमी. नेटवर्क कोडमधल्या बहुतेक त्रुटी आत आधीच पाय ठेवलेल्या माणसाला सर्वाधिकारी बनवतात, आणि त्यांचं वय थक्क करणारं असतं. २०१७ मध्ये आंद्रेई कोनोवालोव यांना डीसीसीपी या फारशा न वापरल्या जाणाऱ्या पद्धतीच्या कोडमध्ये सापडलेली चूक २००५ पासूनची. अँडी न्युयेन यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेली, पॅकेटं गाळणाऱ्या नेटफिल्टर भागातली चूक २००६ पासूनची. त्याच घरातल्या एनएफ-टेबल्समधली, त्रुटींच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०२४-१०८६ हा क्रमांक असलेली चूक २०१४ पासूनची. फायरवॉल ज्या कोडवर चालते त्याच कोडमध्ये भगदाड, हे या शेवटच्या दोघींचं वैशिष्ट्य. साध्या वापरकर्त्यानं फायरवॉलचे नियम बनवायचे नसतात, पण 'युजर नेमस्पेस' या सोयीमुळे त्याला स्वतःपुरतं एक खोटं राज्य उभारून तिथला राजा होता येतं, आणि त्या राज्यातून तो खऱ्या कर्नलच्या या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो. एकच कर्नल वापरणाऱ्या सॉफ्टवेअर-कंटेनरांत शेजारी शेजारी वेगवेगळ्या ग्राहकांचं काम चालतं तिथे याचा अर्थ सरळ आहे: एका खोलीच्या भाडेकरूच्या हाती साऱ्या वाड्याच्या किल्ल्या.

एसएमबीचं उदाहरण पुढे कुठे गेलं तेही पाहण्यासारखं आहे. फाइलवाटपाचा सर्व्हर कर्नलमध्ये ठेवण्याची किंमत जगानं २०१७ मध्ये मोजली. विंडोजमध्येच मार्च २०२० मध्ये एसएमबीचीच 'एसएमबीघोस्ट' ही त्रुटी निघाली. आणि २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१५ आवृत्तीत वेगाच्या कारणासाठी असाच एक सर्व्हर, केएसएमबीडी, कर्नलमध्ये दाखल झाला. पुढच्याच वर्षाअखेरीस त्यात गंभीर त्रुटी जाहीर झाली. मे २०२५ मध्ये शॉन हीलन यांनी त्याच कोडमधली आणखी एक चूक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाकडून शोधून घेतली. मला हा निर्णय पटलेला नाही. काही टक्के वेगासाठी अनोळखी पॅकेटांचा एवढा गुंतागुंतीचा उलगडा सर्वाधिकाऱ्याच्या खोलीत करू नये. अर्थात केएसएमबीडी मागितल्याशिवाय सुरू होत नाही, आणि जुना सांबा सर्व्हर कर्नलबाहेर आपलं काम करतोच आहे.

विंडोजच्या आयपीव्ही६ कोडमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेली त्रुटी याच माळेतली. मोठ्यातून लहान वजा करण्याऐवजी लहानातून मोठं वजा झालं की उणे उत्तराऐवजी प्रचंड मोठी संख्या मिळते, त्या जातीची. आयपीव्ही६ आपण वापरत नाही असं समजणाऱ्यांच्या यंत्रांतही ते सुरूच होतं.

शोधण्याची साधनं आता फार बदलली आहेत. गूगलमध्ये दिमित्री व्ह्यूकोव यांनी सुरू केलेलं सिझकॉलर हे साधन कर्नलला रात्रंदिवस वेडेवाकडे प्रश्न विचारत राहतं आणि तो कुठे अडखळतो ते टिपतं. डीसीसीपीची चूक त्यालाच सापडली. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्सची मंडळी आपल्या त्रुटींना सीव्हीई क्रमांक स्वतःच देऊ लागली आणि वर्षाला हजारो क्रमांकांचा लोंढा सुरू झाला. त्यातला कोणता आपल्या यंत्राला लागू, हे ठरवणं जिल्ह्याच्या ठिकाणच्या एकट्या तंत्रज्ञाला शक्य नाही. स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन वर्षानुवर्षं सांगत आहेत की निवडत बसू नका, स्थिर शाखेची प्रत्येक आवृत्ती घ्या. ते बरोबर आहे. पण प्रत्येक आवृत्ती घेणं म्हणजे दर काही दिवसांनी यंत्र बंद करणं, आणि आपण पुन्हा जिन्याखालच्या त्या खोलीत येतो.

यावर तंत्रानं एक उत्तर काढलेलं आहे. चालत्या कर्नलमधला सदोष भाग जागच्या जागी बदलण्याची सोय, लाइव्ह पॅचिंग, एप्रिल २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून लिनक्समध्ये आहे. धावत्या गाडीचा डबा बदलावा तसं हे काम. मोठ्या कंपन्या ते विकत देतात. पण चूक माहितीच्या मांडणीतच असेल तर ते जमेलच असं नाही, आणि साठत गेलेल्या ठिगळांनंतर कधीतरी गाडी यार्डात न्यावीच लागते.

भोपाळमध्ये हा प्रश्न हळूहळू मोठा होतो आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं इथे पाच लाख आभासी सर्व्हरांच्या क्षमतेचं राष्ट्रीय डेटा सेंटर उभारण्याची घोषणा केली. बातम्यांत तेव्हा क्षमतेचं कौतुक झालं, जे स्वाभाविक होतं. पण प्रत्येक आभासी सर्व्हरला स्वतःचा कर्नल असतो. पाच लाख सर्व्हर म्हणजे दुरुस्त करायचे पाच लाख कर्नल, आणि त्याचं वेळापत्रक आखणारी माणसं. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या ई-नगरपालिका पोर्टलवर हल्ला झाला तेव्हा ४१३ नगरसंस्थांच्या ऑनलाइन सेवा एकदमच थांबल्या. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, सगळं. तो हल्ला कोणत्या वाटेनं आला हा इथला मुद्दा नाही. पूर्वी एका गावच्या नगरपालिकेचं दप्तर भिजलं तर त्या गावाची अडचण व्हायची. आता एका ठिकाणच्या यंत्रामागे बैतूलपासून ग्वाल्हेरपर्यंतची शहरं रांगेत उभी असतात. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला हल्ला झाला, पाच सर्व्हरांवरचा सुमारे १.३ टेराबाइट मजकूर कुलूपबंद झाला, तेव्हा सरकारनं संसदेत सांगितलेलं कारण होतं जाळ्याची नीट विभागणी नसणं. आत शिरलेल्याला अडवायला मधली दारंच नव्हती.

नियमांचं पाहू. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवायच्या. चांगलं आहे. पण हे सगळं घटना घडल्यानंतरचं. ज्ञात त्रुटीची दुरुस्ती किती दिवसांत लावायची, याची मुदत त्या निर्देशांत नाही. अमेरिकेत सीसा ही संस्था प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींची यादी ठेवते आणि केंद्रीय कार्यालयांना तारीख घालून देते. वर सांगितलेली सीव्हीई-२०२४-१०८६ त्या यादीत ३० मे २०२४ ला आली आणि मुदत होती २० जूनची. आपल्याकडे असं होऊच शकत नाही, हे मला मान्य नाही, कारण ते झालेलं आहे. एटीएममधलं विंडोज एक्सपी काढा म्हणून रिझर्व्ह बँकेनं जून २०१८ मध्ये परिपत्रक काढलं आणि त्यात टप्पे दिले: सप्टेंबरपर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५, जूनपर्यंत शंभर टक्के. एक्सपीचा आधार संपल्यावर चार वर्षांनी का होईना, पण आकडा आणि तारीख एकत्र लिहिली गेली, म्हणून काम हललं. नगरपालिका, सहकारी पतपेढ्या, शाळा, जिल्हा रुग्णालयं यांना अशी तारीख कुणीतरी द्यायला हवी.

स्वदेशी प्रणालीचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. सी-डॅकची बॉस लिनक्स ही मोलाची कामगिरी आहे. पण पडद्यावरची अक्षरं आणि चिन्हं आपली असली तरी खाली तोच लिनक्स कर्नल आहे. २००९ ची चूक भोपाळमध्ये आणि बर्लिनमध्ये सारखीच चूक होती, आणि दुरुस्तीही सारखीच लावावी लागते.

घरातल्या लिनक्सवरच्या राउटरांचा विषय वेगळ्या लेखाचा आहे. तरी इतकं सांगतो की कर्नलच्या दीर्घकालीन शाखा सहा वर्षं सांभाळण्याची पद्धत दोन वर्षांवर आणण्याचं २०२३ मध्ये ठरलं, आणि आपण राउटर बिघडेपर्यंत बदलत नाही.

काय करता येतं, त्यात गूढ काही नाही. एसएमबीचं पोर्ट ४४५ इंटरनेटकडे उघडं ठेवू नये. डीसीसीपीसारखे न लागणारे भाग कर्नलमध्ये चढूच देऊ नयेत. जिथे गरज नाही तिथे साध्या वापरकर्त्यांचं युजर नेमस्पेस बंद करावं. महत्त्वाच्या कामाला एकाऐवजी दोन सर्व्हर ठेवावेत, म्हणजे एक बंद असताना दुसरा चालतो. आणि महिन्याची एक ठरलेली वेळ यंत्र बंद करण्यासाठी राखून ती लोकांना आधी सांगावी.

हे सगळं मी त्या तंत्रज्ञाशी बोललो. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, बंद किया और फिर चालू नहीं हुआ तो?" तीन वर्षांचा अभिमान खरं तर तीन वर्षांची धास्ती होती. त्याच्याकडे सुटी डिस्क नव्हती, बॅकअप घेतला जात होता पण परत उतरवून कुणी पाहिला नव्हता, आणि यंत्र उठलं नाही तर दोष त्याच्या एकट्यावर येणार होता. दुरुस्ती का लावत नाहीत, याचं उत्तर पुष्कळदा आळस नसून हे असतं. म्हणून आम्ही आधी डिस्क आणवली. एका जुन्या संगणकावर बॅकअप उतरवून पाहिला. एक तक्ता अर्धवट निघाला, तो नीट केला. कार्यालयाच्या प्रमुख बाईंकडून बंद ठेवण्याची लेखी परवानगी घेतली, त्याच्या नावावर काही येऊ नये म्हणून.

मग त्यानं स्वतःच्या हातानं कागद लिहून दारावर चिकटवला: 'शनिवार रात ९ से ११ बजे तक सर्वर बंद रहेगा। असुविधा के लिए खेद है।' यंत्र नऊ वाजून दहा मिनिटांनी बंद झालं आणि दुसऱ्या प्रयत्नात उठलं. कागद त्यानं काढला नाही. खाली पेननं पुढच्या महिन्याची तारीख लिहिली.